तांबूचं वजन : रामबाग, इंदूर – प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

लॅबमध्ये रोज नोंदवही भरते, घरी मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. आजपासून घरातही वही.

तांबू आणि काजळ ही आमची मांजरं, अडीच वर्षांची सख्खी भावंडं. गेल्या जुलैत दोघांची नसबंदी करून घेतली. फाइलमध्ये त्या दिवशीची वजनं आहेत : तांबू 4.3 किलो, काजळ 3.4. काल नखं कापायला नेलं तेव्हा तांबूचा काटा साडेपाचावर थांबला. सहा महिन्यांत सव्वा किलो. ऐकायला थोडं वाटतं, म्हणून माणसाच्या हिशोबात मांडून पाहिलं : 65 किलोचा माणूस सहा महिन्यांत 83 चा व्हावा, तसं हे आहे. रोज डोळ्यांसमोर असूनही आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. फोटोत दिसलं. दिवाळीच्या फोटोत तो पणत्यांच्या मागे बसलाय आणि कंबर अशी कुठे नाहीच.

एक गोष्ट मनात सलते, ती लिहून टाकते. ऑपरेशन जिथे केलं तिथे टाके कसे जपायचे, गळ्यातला कॉलर किती दिवस ठेवायचा, गोळी कशात घालून द्यायची, सगळं नीट समजावलं. खाण्याबद्दल एक अक्षर नाही. 'उद्यापासून वाटी थोडी कमी भरा' एवढं वाक्य कोणी म्हणालं असतं तर ही वही लागली नसती.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. सध्या कोण किती खातंय ते तरी कळू दे.

7 जानेवारी, मंगळवार

काट्याचा प्रश्न. बाथरूमच्या काट्यावर मांजर कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हे करून पाहिलं. तो काटा शंभर ग्रॅमच्या खाली बोलत नाही. मांजराचं वजन आठवड्याला तीस-चाळीस ग्रॅमने उतरायला हवं, ते त्यात दिसणारच नाही. स्वयंपाकघरातला छोटा काटा पाच किलोला संपतो.

सियागंजात ओळखीच्या नमकीनवाल्याने जुना काटा काढला होता, शेव जोखायचा, दहा किलोचा, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा. साडेसातशेला मिळाला. घरी आणून दोनदा पुसला तरी लवंगेच्या शेवेचा वास जाईना, आणि तो वासच कामी आला. काट्यावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, आकडा शून्य केला आणि बाजूला झाले. अर्ध्या मिनिटात तांबू खोक्याच्या कडा हुंगत आत शिरला, गोल फिरला आणि बसला. 5480. धरपकड नाही, ओरबाडणं नाही. मांजर आणि खोकं यांचं जमतंच, ते वापरायचं. काजळ 3720.

वजन दर रविवारी, सकाळी, खाण्याआधी.

12 जानेवारी, रविवार

तांबू 5490. काजळ 3720.

आठवडाभराच्या मोजणीतून जे निघालं ते बघून मी बराच वेळ नुसती बसून होते.

आम्ही समजत होतो की तांबूला दोन वेळा एकेक वाटी, म्हणजे मांजरांच्या तयार कोरड्या खाण्याचे पंचवीस-पंचवीस ग्रॅम दाणे. वाटी काट्यावर ठेवली. मी भरली की 28. ह्यांनी भरली की 33. मुलगा भरतो ती शिगोशीग वाटी 38. वाटी तीच, हात तीन. सरासरी 33 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 66. पाकिटावर 100 ग्रॅमला 370 किलोकॅलरी लिहिलंय (पुढे मी नुसतं कॅलरी लिहीन), म्हणजे दाण्यांच्याच जवळजवळ अडीचशे झाल्या.

वर चार वाजता आईंच्या चहाबरोबर बशीतून म्हशीचं दूध, सायीसकट. अर्धी वाटी धरली तरी पन्नास कॅलरी. शिवाय पनीरचा तुकडा, ऑम्लेटचा तुकडा, 'एवढंसं तर दिलंय'चे तुकडे. कमी धरूनही रोजचा आकडा तीनशेच्या पुढे जातो.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आई म्हणाल्या, "अगं, त्याला श्रीखंड आवडतं, बासुंदी आवडते, गोडघाशाच आहे मेला." त्यांना सांगितलं की मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणारी जी यंत्रणा आपल्या जिभेवर असते, ती घडवणारं एक जनुक मांजरांच्या अख्ख्या कुळात निकामी आहे, वाघ-सिंहांतसुद्धा. तो श्रीखंडात धावतो तो स्निग्धाला. आईंना पटेना. मग दोन बशा ठेवल्या : एकीत साखरेचं पाणी, दुसरीत बोटभर साय. साखरेच्या पाण्याला त्याने हुंगलंदेखील नाही. आई बघत राहिल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं मांजरांना लोणी खाऊ घालत होते," म्हणाल्या.

आज आईंनी तिळगूळ माणसांनाच दिला.

18 जानेवारी, शनिवार

डॉक्टरांकडे, तासभर. हे घराजवळचे डॉक्टर, ऑपरेशनवाले नव्हेत. तब्येतीने समजावलं.

आधी हात फिरवून दाखवला. मूठ वळायची आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या हाडांवरून फिरवायचं : मांजराच्या बरगड्या इतक्या टोचत असतील तर ते रोड आहे. मग पंजा सरळ करून त्याच हाताच्या पाठीवरून बोट फिरवायचं : पातळ कातडीखाली हाडं लागतात, मोजता येतात, तसं हवं. मग हात उलटा करून तळव्याच्या उंचवट्यावर बोट ठेवायचं. तांबूच्या बरगड्या तळव्यासारख्या लागल्या. बोट दाबल्यावर आत कुठेतरी हाड. नऊच्या मापात पाच म्हणजे उत्तम, तांबू आठ, काजळ सहा.

पोटाखाली लोंबणारी कातडीची पिशवी बघून मी घाबरले होते, ती मात्र चरबी असतेच असं नाही. सडपातळ मांजरांनाही असते. काजळचीही हलते, आत काही नाही.

मग कारण. बीजकोश किंवा वृषण काढले की त्यांतून येणारी संप्रेरकं थांबतात. ही संप्रेरकं, विशेषतः इस्ट्रोजेन, भुकेला आवर घालत असतात. तो आवर गेला की काही दिवसांतच भूक वाढते. आणि त्याच वेळी शरीराला लागणारी ऊर्जा पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. बोक्याचं रात्रीचं भटकणं थांबतं, मारामाऱ्या थांबतात, मादीचं माजावर येऊन रात्र रात्र हिंडणं थांबतं. गरज खाली, भूक वर, आणि वाटी जिथल्या तिथे. तांबू लबाडी करून ओरडत नव्हता. त्याला खरोखरच भूक लागत होती. ही गोष्ट मला फार लागली, कारण त्याच्या ओरडण्यावर मी वैतागून बोलले आहे.

हिशोबाचं सूत्रही त्यांनी कागदावर लिहून दिलं. तांबूचं योग्य वजन 4.5 धरायचं. 4.5 गुणिले 4.5 गुणिले 4.5, मग वर्गमूळ, त्याचं पुन्हा वर्गमूळ, आणि येईल त्याला 70 ने गुणायचं. मोबाइलवर केलं : 216. नुसतं पडून राहायलाही शरीराला साधारण एवढ्या कॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर त्याच्याही थोडं खाली, पण एकदम नाही. सुरुवात 200 पासून, मग तीन-चार आठवड्यांनी बघून 180. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं की पुरे.

उपाशी ठेवायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर साठलेली चरबी भराभर यकृतात येऊन बसते, यकृत काम सोडतं आणि मांजर दगावू शकतं. माणसाचा उपास मांजराला लावायचा नाही. चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही तर फोन करायचा, वाट बघायची नाही.

ठरलं ते असं : दाणे 35 ग्रॅम (130 कॅलरी) आणि ओल्या खाण्याचा 85 ग्रॅमचा एक पाऊच (70 कॅलरी). ओल्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे पोट भरतं आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्या बोक्यांना पाणी जातं तेही बरं. दूध बंद. मोठ्या मांजरांना तसंही दूध नीट पचत नाही.

19 जानेवारी, रविवार

तांबू 5500, काजळ 3730. आजपासून सुरू.

वाटी अडगळीत टाकली. रात्रीच दुसऱ्या दिवसाचे दाणे ग्रॅमवर जोखून झाकणाच्या डब्यात भरते. डबा संपला की दिवस संपला. कोणी कितीही वेळा घातलं तरी डब्यातूनच.

आईंची अडचण खरी होती. चारला चहा घेताना तांबू पायाशी येऊन बसतो, ते त्यांच्या दिवसातलं एक सुख आहे. ते काढून घ्यायचं मला मान्य नव्हतं. म्हणून 35 पैकी 5 ग्रॅम आईंच्या कुंकवाच्या जुन्या डबीत. त्यांनी एकेक दाणा जिन्यावर टाकायचा. दाणा खालच्या पायरीवर, तांबू खाली. दाणा वरच्या पायरीवर, तांबू वर.

काजळची ताटली कपाटावर. तांबूची तिथे उडी पोचत नाही.

22 जानेवारी

पहाटे साडेचारला दारावर पंजे. आजचा चौथा दिवस. उठले, जवळ घेतलं, खायला दिलं नाही. तासाभराने दोघंही झोपलो.

26 जानेवारी, रविवार

5470. तीस ग्रॅम.

2 फेब्रुवारी, रविवार

5445.

पहाटेच्या ओरडण्यावर उपाय सापडला : डब्यातले सात-आठ ग्रॅम रात्री झोपताना, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत टाकून. पंजाने एकेक दाणा उकरून काढायला त्याला वीस मिनिटं लागतात. कान मागे, जीभ जरा बाहेर, पूर्ण ध्यान लावून. दिवसाचे दोन घास करण्यापेक्षा पाच केले तर तो शांत राहतो. मांजर मुळात दिवसभरात छोटी छोटी शिकार करून खाणारं जनावर, त्याला दोन वेळचं जेवण ही आपली सवय लावलेली.

9 फेब्रुवारी, रविवार

5405. काजळ 3690. तीन आठवड्यांत पंच्याण्णव ग्रॅम. आईंनी देवापुढे सांगितलं.

16 फेब्रुवारी, रविवार

5460. पंचावन्न ग्रॅम वाढ.

काटा तपासला, किलोचं वजन ठेवून. काटा बरोबर. घरात सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी डब्याची शपथ घेतली.

18 फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी काढली आणि दुपारी तांबूच्या मागे राहिले. एक वाजता तो जिना उतरून खालच्या काकूंच्या मागच्या दारात गेला. काकूंनी भुरीसाठी दूध-पोळी कुस्करून ठेवली होती. भुरी ही त्यांच्याकडे गल्लीतून आलेली मादी, शांत, जरा भित्री. तांबू आला की ती बाजूला होते. त्याने ताटली चाटून पुसली, तोंड पुसलं, वर आला.

काकूंना रागावण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणाल्या, "तुमच्याकडे त्याला हल्ली कमी मिळतं ना, असा कळवळून ओरडतो, मला बघवत नाही हो." आणि मग जे म्हणाल्या त्याने मी खाली बसले. "ऑपरेशन केलंत आणि बिचाऱ्याचं असं झालं. म्हणून तर मी भुरीचं करत नाही. असलेलं अंग बिघडवायचं कशाला?"

भुरीची दोन बाळंतपणं झाली आहेत. दुसऱ्या खेपेच्या चारपैकी एकच पिल्लू जगलं. मांजर जेमतेम नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे तांबूचं पोट बघून ती माउली पुन्हा गाभण राहणार. आमच्या वाटीची चूक भुरीच्या अंगावर.

काकूंच्या ओट्यावर तासभर बसले. सगळं सांगितलं. ऑपरेशनने मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही, लवकर केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. बोक्यांचं घरभर मूत फवारणं आणि फाटलेले कान घेऊन येणं कमी होतं. तांबू जाड झाला तो ऑपरेशननंतर आम्ही तेवढंच, उलट जास्तच, खाऊ घातल्यामुळे. वही दाखवली. काकूंनी चष्मा लावून आकडे एकेक करून वाचले. "उतरतंय खरं," म्हणाल्या. "बघू या."

हेही बोलले की दूध-पोळीवर मांजराचं भागत नाही. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य नसेल तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. काकू शाकाहारी. आमच्याकडेही आईंमुळे चिकन गच्चीवरच्या छोट्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतं. आईंनी ते कधी अडवलं नाही, "त्याचा धर्म त्याला" म्हणतात. काकूंना मी मांजराचे तयार दाणे आणून द्यायचे ठरलं.

23 फेब्रुवारी, रविवार

5400. काकूंचं मागचं दार दुपारी बंद. आजपासून 180 कॅलरी, दाणे 30 ग्रॅम.

2 मार्च 5355. 9 मार्च 5320. 16 मार्च 5285.

हाताला फरक कळतो. मानेमागे नाही, पण पाठीच्या कण्यावर बोट फिरवलं की मणके लागू लागलेत. शेपटीच्या मुळाशी केसांच्या जटा व्हायच्या, कारण त्याची मान तिथवर पोचत नव्हती. काल तो स्वतः तिथे चाटत बसला होता, एक पाय आकाशात.

20 मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, आमच्या गल्लीतून जात नाही, पण सकाळपासून ढोल, डीजे, पाण्याचे टँकर, आणि गल्लीतली पोरं वेगळीच. साडेनऊला तांबू दिवाणाखाली गेला तो भिंतीला चिकटला. काजळ माळ्यावर. संध्याकाळी काजळ उतरली, जेवली. तांबू नाही. ताटली दिवाणाखाली सरकवली, त्याने मान फिरवली.

रात्री अकराला मी दिवाणापाशी चटई टाकून झोपले. मागच्या दोन महिन्यांत तो खायला मागतोय म्हणून जीव कासावीस व्हायचा. काल तो मागत नाही म्हणून झोप लागेना. डॉक्टरांनी सांगितलेलं यकृताचं सगळं डोक्यात फिरत होतं. पहाटे पाण्याला तोंड लावलं, खाण्याला नाही. आज सकाळी आठला बावीस तास झाले तेव्हाच डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आज वजन, कॅलरी, सगळं विसरा. जे खाईल ते द्या, कोमट करून द्या म्हणजे वास सुटतो. दुपारपर्यंत नाही खाल्लं तर घेऊन या.

उकडलेलं चिकन चिमटीने उसवलं, वर त्याचंच गरम पाणी घातलं. बशी धरून मी पालथी झोपून दिवाणाखाली हात लांब केला. बराच वेळ काही नाही. मग मिशा बोटाला लागल्या. मग जीभ, खरखरीत. बोटावरचं पाणी चाटलं, मग एक धागा, मग बशीच खेचून घेतली. आई दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही.

23 मार्च, रविवार

5230. पंचावन्न उतरले. हा उतार मला नको होता. पुढच्या वर्षी रंगपंचमीला आदल्या रात्रीच दोघांना मागच्या खोलीत, खिडक्या लावून.

30 मार्च, रविवार, पाडवा

5225. ठीक. यावेळी पाचच ग्रॅम उतरलं ते बरं.

काकू गुढीचा प्रसाद घेऊन वर आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "भुरीचं करून टाकू. पण खाण्याचं तू बघायचंस." दिवस ठरवला : सोमवार, 7 एप्रिल. आज भुरीला खोक्यात बसवलं, पहिल्यांदा बिचकली, मग बसली. 3100.

6 एप्रिल, रविवार

तांबू 5190. काजळ 3600.

8 एप्रिल, मंगळवार

भुरी घरी, शुद्धीवर, जरा गुंगीत. कुशीला छोटासा मुंडलेला चौकोन. सकाळी थोडं खाल्लं.

आधीच्या दोन आठवड्यांत ती किती खाते ते काकूंकडून मोजून घेतलं होतं : दाणे 52 ग्रॅम. चार दिवस, खाईल तसं, पण 52 च्या वर नाही. त्यानंतर पाव हिस्सा कमी, म्हणजे 39.

12 एप्रिल, शनिवार

ऑपरेशनचा पाचवा दिवस. भुरी ताटली चाटून झाल्यावर काकूंच्या पायाला डोकं घासते, मग ओट्यावर चढून डब्यापाशी बसते. काकू म्हणतात हे ती आधी करत नव्हती. सगळं सांगितलं होतं तसंच. मला उगीच धीर आला, कारण यावेळी ही भूक येणार हे आम्हाला ठाऊक होतं. काकूंनी डब्यातून दोन दाणे काढून अंगणात दोन टोकांना फेकले, आईंकडे बघून शिकल्यात.

13 एप्रिल, रविवार

तांबू 5215. वाढ. काजळ 3560, उतरली.

कारण दुपारी कळलं, धप्प असा आवाज आला म्हणून. तांबू कपाटावर होता. जानेवारीत जिथे त्याची उडी पोचत नव्हती त्या कपाटावर, खुर्ची न घेता, जमिनीवरून. काजळची ताटली त्याच्या पुढ्यात आणि काजळ कोपऱ्यात. त्याला खाली घेतलं, पण आधी पाठीवरून हात फिरवला. मग मुलाला हाक मारून दाखवलं, कपाट किती उंच आहे ते.

आता काजळचं जेवण बंद दाराआड, मी समोर बसून.

20 एप्रिल, रविवार

तांबू 5150. काजळ 3575. भुरी 3095.

27 एप्रिल, रविवार

तांबू 5110. बरगड्यांना बोट लावलं : तळवा नाही, हाताची पाठही नाही, मधलं काहीतरी. डॉक्टरांनी नऊच्या मापात सात सांगितले. साडेचार गाठायला याच चालीने पाच-सहा महिने लागतील. घाई नाही.

भुरीचे टाके सुकले, केस यायला लागलेत. काकूंनी स्वतःची वही केलीय, दुकानाची जुनी खातेवही, लाल बांधणीची. त्यातल्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात : भुरी, 30 मार्च, 3100. 13 एप्रिल, 3085. 20 एप्रिल, 3095. 27 एप्रिल, 3100.